प्रल्हादच्या गाडीचं चुंबक

अनिताचा फोन आला तेव्हा मी एका गाडीची चेन ताणत होतो. हाताला ग्रीस, म्हणून फोन कान आणि खांद्यात दाबून धरला. "काका, बाबा उठून नाही राह्यले," ती म्हणाली. मला वाटलं ताप चढला असेल. मी म्हटलं, तोंडावर पाणी मार, मी निघतोच. पलीकडे बायकांच्या रडण्याचा आवाज वाढत गेला, तेव्हा समजलं. माझा मित्र प्रल्हाद राठोड झोपेतच गेला होता. डॉक्टरांनी हृदयविकार सांगितला. त्याला आता काही आठवडे झाले, आणि माझ्यासारख्या कमी बोलणाऱ्या माणसाला त्याच्याबद्दल लिहावंसं वाटतं आहे, त्याला कारण आहे.

आर्णीला माझं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. प्रल्हाद तिथून थोड्या अंतरावरच्या तांड्यात राहायचा आणि आसपासच्या वस्त्यांवर फेरी करायचा. कांदे, बटाटे, मीठ, गूळ, साबण, असा सगळा संसार जुन्या काळ्या मोटारसायकलवर बांधून तो सकाळी निघायचा. त्याचे पूर्वज लदेणीवाले, म्हणजे बैलांच्या पाठीवर माल लादून मुलूखभर फिरणारे. तो म्हणायचा, आजोबाच्या बैलावर मीठ होतं, माझ्याही बैलावर मीठच आहे, मग बदललं काय? मोटारसायकलला त्यानं 'गाडी' म्हटलेलं मला आठवत नाही. बैलच. एकदा माझ्या दुकानात कोणीतरी त्याला डिवचलं, "प्रल्हादभाऊ, तुमचा बैल शेण टाकते का गा?" प्रल्हाद माझ्याकडे बोट दाखवून शांतपणे म्हणाला, "टाकते ना. वर्षातून एकडाव, या मधुभाऊच्या टबात."

हे अगदी खरं होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात, त्यांना तुपाहळदीनं चोळतात आणि दुसऱ्या दिवसाचं जेवणाचं आवतन देतात. प्रल्हाद त्या दिवशी गाडी धुऊन माझ्याकडे आणायचा, इंजिनचं जुनं काळं तेल टबात काढून नवं भरून घ्यायचा, आणि निघताना टाकीवर हात ठेवून म्हणायचा, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." बाकीचे हसायचे. तो हसायचा नाही. घरी गेल्यावर वहिनी, म्हणजे त्याची बायको, हँडलच्या दोन्ही बाजूंना हळद लावायच्या.

चुंबक मात्र माझं. त्यानं गाडी घेतली त्या पहिल्या वर्षी मी तेल काढलं, तेव्हा उन्हात त्यात बारीक चमक दिसली. इंजिनातले भाग एकमेकांवर घासतात, त्यांची ती भुकटी. माझ्या टेबलावर एका बिघडलेल्या रेडिओच्या स्पीकरचं चुंबक पडलं होतं. इंजिनचं खालचं कवच ॲल्युमिनियमचं असतं, त्याला चुंबक धरत नाही, पण तेल काढायचा नट लोखंडी असतो. मी ते नटाला बाहेरून चिकटवलं आणि वरून तार गुंडाळली. म्हटलं, पाहू काय होतं. पुढच्या पोळ्याला नट काढला तर त्याच्या आतल्या टोकावर काळं, मऊ, शेवाळासारखं काहीतरी जमलेलं. प्रल्हादनं ते अंगठ्यावर घेतलं, चोळलं, आणि तसाच अंगठा वर धरून शेजारच्या दुकानात दाखवायला गेला. "पाहा, बैलाच्या पायातला काटा निघाला. आमच्या मधुभाऊनं काढला."

इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं. चुंबक लोखंडाची भुकटी धरतं, आणि धरलेली भुकटी फिरून इंजिनात जात नाही, यात खोटं काही नाही. पण प्रल्हादनं त्यातून पुढचा हिशेब मांडला. लोखंड चुंबकानं धरलं म्हणजे तेल स्वच्छ राहिलं, मग ते मधेमधे बदलायचं कशाला? पोळ्याला बदललं की वर्षभराचं झालं. हे चुकीचं आहे हे मला त्याच दिवशी माहीत होतं. ॲल्युमिनियमची भुकटी चुंबक धरत नाही, काजळी धरत नाही, धूळ धरत नाही. आणि तेल तापून तापून पातळ होतं, त्याची ताकद जाते, त्याला तर कोणतंच चुंबक थांबवू शकत नाही. मी एकदा म्हटलंही, "प्रल्हाद, मधात एकडाव तेल बदलून घेत जा." तो म्हणाला, "कायले? तुमचं चुंबक हाय ना." दुकानात चार माणसं बसली होती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कौतुकानं पाहिलं, आणि मी पान्यांची पेटी आवरायला लागलो.

का गप्प बसलो? आता लिहूनच टाकतो. त्यानं वस्त्या-वस्त्यांवर माझं नाव केलं होतं. बाजाराच्या दिवशी अनोळखी माणसं थांबवून विचारायची, चुंबकवाले मधुभाऊ तुम्हीच का? घरी मला कोणी काही विचारत नाही, मीही सांगत नाही. प्रल्हादच्या बोलण्यातला मधुभाऊ मात्र हुशार माणूस होता. तो मला आवडायला लागला होता.

मग गाडीनं निळा धूर सोडायला सुरुवात केली. मी इंजिन खोललं. पिस्टनच्या रिंगा गेलेल्या, आत ओरखडे, आणि तेल म्हणजे नुसतं काळं पाणी. प्रल्हाद माझ्या बाजूला उकिडवा बसून होता. दवाखान्यात घरचं माणूस बसतं तसा. नटावर भुकटी भरपूर होती, ती पाहून तो म्हणाला की चुंबकानं तर आपलं काम केलं. मग हळूच त्यानं विचारलं, "मधुभाऊ, म्याच जास्त लादलं का?"

मी म्हटलं, "हो. लोड जास्त झाला."

इतकंच. ओझ्याचा त्रास इंजिनाला होतोच, म्हणून ते अगदी खोटं नव्हतं, अशी मी बरेच दिवस स्वतःची समजूत घातली. इंजिन नवं करून दिलं, आणि त्यानंतर एक गोष्ट सुरू केली. तो ब्रेक नाहीतर चेन दाखवायला आला, की त्याला चहाला पाठवायचं आणि तेवढ्यात त्याच्या नकळत तेल बदलून टाकायचं. मला वाटलं, झाली भरपाई. पण गाडी झकास चालायला लागली, पोळ्याला नटावर भुकटी कमी निघाली, आणि आपणच जास्त लादत होतो याचा प्रल्हादला पुरावाच मिळाला. ओझं कमी केलं म्हणून बैल सुधारला!

ओझं कमी करणं म्हणजे काय, ते मी एका लग्नाला त्याच्या तांड्यावर गेलो तेव्हा पाहिलं. तांड्यातून निघालं की लगेच चढ लागतो, लांबच लांब. प्रल्हाद त्या चढावर गाडीवरून उतरलेला होता. पहिला गिअर, अर्धा क्लच, दोन्ही हात हँडलवर, आणि तो भरल्या गाडीच्या बाजूनं चालत, तिला रेटत वर चढत होता. सदरा पाठीला चिकटलेला. लग्नाला निघालेली पोरं ओरडत होती, "काका, बैलाले खांद्यावरच घ्या ना." मी जवळ जाऊन थांबलो. त्याला धाप लागली होती, पण चेहरा खुशीत. "पाहा मधुभाऊ," तो म्हणाला, "आता धूर नाही." मी 'हो' म्हटलं... आणि माझी गाडी पुढे काढली. तो रोज असाच चढायचा, हे मला नंतर कळलं. कळल्यावरही मी काही केलं नाही.

त्या चढानं तो गेला असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मीही म्हणत नाही. त्याला बिड्यांची सवय होती, त्याचे वडीलही असेच अचानक गेले होते. पण तो चढ त्याला चालावा लागायला नको होता, एवढं मला ठाऊक आहे.

यंदा खांदेशेकणीच्या दिवशी अनिता गाडी घेऊन आली. त्याची मोठी मुलगी, कॉलेज संपवून घरी बसलेली. फेरी आता तीच करणार. गाडी धुतलेली होती. मी नट खोलला, तेल टबात पडू लागलं, आणि ती म्हणाली, "काका, बाबा सांगत, चुंबक असलं की तेल वर्षभर चालते. खरं हाय का?"

तेलाची धार थेंबांवर आली. मग सांगितलं. चुंबक काय धरतं, काय धरत नाही, सगळं. इंजिन कशानं गेलं ते सांगितलं. चहाला पाठवून तेल बदलायचो, तेही. शेवटी ती म्हणाली, "मंग बाबा उगाच पायी चालत होते?"

"हो."

तिनं टाकीवरून एकदा बोट फिरवलं. मला वाटलं रडेल. पण ती म्हणाली, "चुंबक राहू द्या. तेल किती चालल्यावर बदलाचं ते सांगा. आन् हे बाकीचं मले नका सांगू, आईले सांगा."

पोळा झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीच तांड्यावर गेलो. वहिनी ओट्यावर मिठाच्या पुड्या बांधत होत्या. मी अनिताला सांगितलं तेच सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी आणखी अडखळत. त्यांचे हात थांबले नाहीत. माझं झाल्यावर म्हणाल्या, "मी रोज भांडो त्यायच्यासंग. म्हणो, बसून जा ना, लोकं हासतात. थे कोणाचंच आयकत नव्हते, मधुभाऊ." एक पुडी बांधून बाजूला ठेवली. "तुमचं आयकलं असतं."

त्यांनी चहा ठेवला, मी तो प्यायलो. अंगणात अनिता गाडीवर माल लादत होती. ती दोरी आणायला आत गेली, तशा वहिनी उठल्या आणि कॅरिअरवरचा बटाट्यांचा छोटा कट्टा, म्हणजे लहान पोतं, उतरवून त्यांनी खाली भिंतीशी ठेवला. नवऱ्याचं ओझं हलकं व्हावं म्हणून त्याच्या नकळत इतकी वर्षं रोज सकाळी हेच केलं असणार, हात आपोआप गेले. अनिता बाहेर आली. तिनं कट्टा पाहिला, आईकडे पाहिलं, आणि तो उचलून पुन्हा कॅरिअरवर ठेवला. मग वहिनी पुढे झाल्या आणि दोरीचं दुसरं टोक त्यांनी घट्ट ओढून धरलं.