नस कुठवर आली?

आमचे हे केस कापताना केसांकडे फारसे बघत नाहीत. आरशात गिऱ्हाइकाचा चेहरा बघतात. भुवई जरा आक्रसली की कात्री थांबते, चेहरा सैल पडला की पुढे चालते. उभा जन्म ह्यांनी असाच धंदा केला. ज्याच्या डोक्यावर कापण्यासारखं काही उरलेलं नाही, त्यालाही मागून छोटा आरसा दाखवून हे म्हणणार, “झकास!” म्हणून सगळी गल्ली ह्यांना झकासकाका म्हणते. मी भात करपवला तरी झकास, चहात साखर विसरले तरी झकास. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, तुम्हीच सांगा.

दुकानातला मोठा आरसा भिंतीवरून उतरवताना निसटला आणि कोपराखाली ह्यांचा उजवा हात खोल चिरला. आतली नस तुटली. रक्ताची नव्हे, बोटांना जाणीव देणारी. डॉक्टरांनी ती जोडली, जखमही भरली, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिरच राहिलं. कात्रीच्या कडीत घालायचं ते हेच बोट. आणि व्रणाला नुसती शर्टाची बाही घासली तरी हे कळवळायचे. दुकानाला कुलूप लागलं.

मोठ्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर जुनाट दुखण्यावर आणि तुटलेली नस पुन्हा कशी वाढते ह्यावर संशोधन चालतं. तिथली एक तरुण डॉक्टरीण ह्यांना तपासायची. कोपरापासून मनगटाकडे हलक्या टिचक्या मारत जायची. वाढती नस जिथवर पोचली असेल तिथे टिचकी बसली की बोटांत मुंग्या येतात. “काका, कुठवर आली?” असं ती विचारायची. नस पुढे सरकत असेल तर नुसती वाट बघायची. सरकत नसेल, तर लवकर दुसरं ऑपरेशन करायचं. त्यात उशीर झाला की पंजाचे स्नायू वाळतात, आणि मग कुणाचंच काही चालत नाही.

ह्यांची नस तर अशी धावत सुटली होती की विचारू नका! दर खेपेला पुढे. डॉक्टरीण खूश, हे खूश. मी मात्र घरी बघत होते. एका सकाळी गरम भांड्याला ह्यांची करंगळी टेकलेली, कातडी लालभडक झालेली, आणि हे निवांत पेपर वाचताहेत.

पुढच्या खेपेला मी सरळ आत घुसले. नातेवाइकांनी बाहेर बसावं अशी पाटी होती, पण पाट्या वाचायला मला सवड नव्हती. टिचक्या सुरू झाल्या. हे हाताकडे बघतच नव्हते, त्या पोरीच्या चेहऱ्याकडे बघत होते. मागच्या खुणेच्या जरा पुढे तिचं बोट आलं, तिच्या भुवया आशेनं वर गेल्या, आणि हे म्हणाले, “हां, इथे. झकास!”

माझं डोकंच फिरलं. “अहो, ही काय तुमची गिऱ्हाईक आहे? खरं सांगा, मुंग्या आल्या?”

ह्यांनी मान खाली घातली. “किती मेहनत घेते गं ती. नाही म्हटलं की पोरीचं तोंड एवढंसं होतं.”

“आणि हात गेला म्हणजे माझं तोंड केवढं होईल?”

डॉक्टरीण पांढरीफटक पडली. “चूक माझीही आहे, काकू. डोळे झाकूनच विचारायला हवं होतं.” तिनं ह्यांच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. व्रणावर टिचकी मारताच हे खुर्चीतून उडाले. त्याच्या पुढे मात्र नाही, नाही, नाही. नसेला पुढची वाट सापडली नव्हती. व्रणाखालीच तिचा गुंता होऊन गाठ झाली होती, आणि ती गाठच दुखत होती.

दुसरं ऑपरेशन झालं. गाठ काढली, पायातल्या नसेचा तुकडा मध्ये जोडला. उशीर झालाय का, ह्यावर मात्र कुणी छातीठोक बोलेना.

व्रणाची आग कमी झाली. आता दर खेपेला मी दुकानातला टॉवेल घेऊन जायची आणि स्वतः ह्यांच्या डोळ्यांवर करकचून बांधायची. दर खेपेला उत्तर एकच, “नाही.” अशाच एका दिवशी घरी आल्यावर हे चहाचा घोट घेऊन म्हणाले, “साखर कमी आहे गं.” इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी पहिल्यांदा माझ्या चहाला नाव ठेवलं! मला इतकं भरून आलं की मी दोन चमचे जास्तच घातली. “आता गुळचट झाला,” हे म्हणाले. खरं बोलायची चटकच लागली होती माणसाला.

मग ती खेप आली. टॉवेल बांधला. टिचक्या व्रणापासून निघाल्या. “नाही. नाही.” डॉक्टरिणीचा हात जड झाला होता, माझं लक्ष खिडकीकडे होतं.

“नाही. ना... थांबा. मागे या जरा. हां. करंगळीत मुंग्या आल्या.”

तिनं हात उचलला, काही न बोलता दुसरीकडेच टिचकी मारली. “इथे नाही,” हे म्हणाले. पुन्हा पहिल्या जागी. “इथेच!”

ती माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. दोघींच्या डोळ्यांना धारा लागलेल्या.

“काय झालं?” टॉवेलखालून हे घाबरून विचारायला लागले. “कुणी बोलत का नाही? चुकलं का माझं?”

मी नाक पुसलं.

“झकास,” मी म्हणाले.