बोलता बोलता बदललेलं मत

एडिनबरात ऑफिसला जाताना बसस्टॉपवर एक आयरिश आजोबा रोज भेटायचे. पूर्वी ते डब्लिनच्या संसदेत होते. विषय बसला झालेल्या उशिराचा का असेना, तर्जनी वर करून ते सुरुवात करायचे, "मूलभूत तत्त्व असं की..."

एकदा मी विचारलं, "तुमच्या भाषणांनी कधी कुणाचं मत बदललं का हो?"

"एकाचं. माझं," ते म्हणाले. "पक्षाच्या विधेयकाच्या बाजूने बोलायला उभा राहिलो. कायदा सर्वांना सारखा, हे तत्त्व समजावून सांगताना लक्षात आलं, आमचं विधेयक नेमकं त्याच्याविरुद्ध आहे. तिथेच तसं म्हणालो आणि विरोधात मत दिलं."

"मग?"

"पुढे पक्षाने तिकीट दिलं नाही. पण त्या संध्याकाळी बायको म्हणाली, 'आज पहिल्यांदाच तू स्वतःचं भाषण ऐकलंस.'"