डोंगरावरचा पाऊस आणि खामची वाळू

वच्छलाबाईनं भाकरी तव्यावर टाकली आणि दाराची कडी वाजली. तिनं भाकरी उलटली, शेकली, टोपल्यात ठेवली, मगच उठली. वर्षभर तिचं असंच चाललं होतं. कशाची घाई नाही, कशाचा कंटाळाही नाही.

दारात धाकटा भाऊ बन्सी उभा होता. हर्सूलच्या पलीकडं, जटवाड्याच्या डोंगरात त्याची शेती. तट्टू निंबाला बांधून तो आत आला.

"आक्का, न्यायला आलो. घट बसायच्या आत चल. वर गार हाय, जिवाला बरं वाटंल."

"हात धू. भाकरी घे," ती म्हणाली.

वर गार असतं हे खरं. समुद्राकडून आलेले ढग सह्याद्रीवरच रिते होतात. मराठवाड्याकडं सरकतं ते उरलंसुरलं. त्यातलंही जे असेल ते उत्तरेचे डोंगर आधी अडवून घेतात. भादवा सरताना तर खालचा तापला वारा डोंगर चढतो, वर जाऊन गार पडतो आणि तिथंच कोसळतो. खाली शहर खोलगटात. तिथं वच्छलाबाईच्या बेगमपुऱ्यात बाया पदरानं वारा घेत बसलेल्या असतात आणि तीन कोसांवर बांध फुटत असतात. पण पाणी काही वर राहत नाही. ते खाम नदीत उतरतं, आणि खाम येते बेगमपुऱ्याच्या अंगावरून.

घट बसायच्या आधी घरातली चिंधीन् चिंधी धुवायची, ही इथली रीत. गल्लीतल्या साऱ्या वाकळा-गोधड्या वच्छलाबाईचा नवरा पुंजाराम आपल्या गाडीतून खामवर न्यायचा. बाया धुवायच्या, तो वाळूवर पसरायचा. गेल्या साली ऊन लख्ख होतं. सारे भाकरी खाऊन घटकाभर लवंडले. मग नदीच्या वरच्या अंगानं लोंढ्याचा आवाज आला. बाया पळाल्या. पुंजाराम एका वाकळेसाठी मागं वळला. ओली वाकळ माणसाला जड होते. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत जो घर सोडून हलला नव्हता, तो असा गेला. वाकळ सापडली. ती घडी करून फडताळात होती, वाळूसकट.

शेजारची सारजाबाई दार ढकलूनच आत आली. "वच्छला, सोडा भिजवला का नाय? अख्खी गल्ली निघालीय." मग बन्सीकडं वळून, "काय पाव्हणं, हे तट्टू वाकळा वाहील का तुझ्यावाणी नुसतं खाईल?"

"तू बसून बघ की मावशे. मग वाकळा हलक्या वाटतील त्याला."

"मेल्या, तोंड बघ!" सारजाबाई हसली. वच्छलाबाईकडं नजर गेली तशी थांबली. "ये बाई तूबी. आभाळ कसं धुतल्यावाणी हाय. काय व्हत नाय."

"त्या दिवशीबी असंच होतं."

"मग काय करावं? मळक्या घरात देवी बसवावी?" सारजाबाई रागावली नव्हती, तिला खरंच उत्तर हवं होतं. गल्लीतून कुणीतरी तिला हाक मारली. ती गेली.

वच्छलाबाईनं पुढची भाकरी थापायला घेतली. थापता थापता विचारलं, "बन्सी, त्या दिवशी तुमच्याकडं पाऊस कवा लागला?"

वर्षभरात तिनं हे विचारलं नव्हतं. बन्सीचा घास हातात राहिला.

"न्याहरी झाली अन् लागला. लई जोराचा."

"तू कुठं होता?"

"रानात. भिजत हुबा होतो. बाजरी वाळून चालली होती, आक्का. म्या..." तो अडला. "म्या आनंदानं ओरडलो."

"ओरडणारच की," ती म्हणाली. आवाजात काही नव्हतं. परातीतलं पीठ तिनं सारखं केलं. न्याहरीला पाऊस लागला, तेव्हा पुंजाराम इथं गाडी भरत होता. मग नदीवर गेले. वाकळा बडवल्या, पिळल्या, वाळत घातल्या. मग जेवण, मग झोप. पाण्याला डोंगर उतरायला एवढा सगळा वेळ लागला होता. तेवढ्यात तट्टू खाली येऊन माघारी गेलं असतं.

"आक्का, मला काय ठावं, ते पाणी तुमच्याकडं..."

"कुणालाच नव्हतं."

बाहेर गल्लीत बाया एकमेकींना हाका मारत होत्या. कुणाचं तरी घमेलं खणकन पडलं. बन्सीनं डोळे पुसले. "चल ना माझ्यासंगं. इथं काय राहिलंय आता?"

तिनं तव्यावरची भाकरी फडक्यात बांधली आणि त्याच्या हातात दिली.

"मी नाय येत. तू आत्ताच निघ. धुणं चालू हाय तवर डोंगरावर पाऊस लागला, तर तट्टू काढ अन् खाली ये. बायांना वाळूतनं वर काढ. एवढं कर."