व्याह्यांना दिलेला काठोकाठ चहा

मर्गिलानच्या बाजारात तुरदाली उस्ताचं गॅरेज आणि माझं नानचं दुकान समोरासमोर, त्यामुळे तीस वर्षं हा माणूस मला फुकटात पाहायला मिळाला. गाडी वीसच्या वेगाला का थरथरते, एवढ्या एका प्रश्नापायी त्यानं जन्म घालवला. "ऐंशीला थरथरते ती कुणालाही कळते," तो म्हणायचा. "वीसला कुरकुरते ती ओळखून दाखवा."

त्याची रीत ठरलेली. मालकाला गाडी सावकाश चालवायला लावायची आणि आपण शेजारी हिरव्या चहाचा काठोकाठ प्याला धरून बसायचं. थरथर स्टिअरिंगला लागली तर पुढचं चाक, बुडाखाली लागली तर मागचं. चहाला नुसत्या सुरकुत्या पडल्या तर टायरची झीज. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला उसळला तर टायर आतून फुगलाय. त्याच्या एकाही विजारीवरचा चहाचा डाग कधी गेला नाही.

त्याच्या मुलीचं, नाफिसाचं, लग्न ठरवायला रिश्तानहून होणारे व्याही आले, सोबिर मास्तर. गाडी धबधब करत दारात थांबली. तुरदालीनं सलाम करायच्या आधी टायरकडे पाहिलं.

पाहुण्याला राबवायचं नाही, म्हणून मास्तरांना शेजारी बसवून स्टिअरिंगवर हा स्वतः बसला. मग प्याला कोण धरणार? त्यानं तो काठोकाठ भरून मास्तरांच्या हातात दिला.

आमच्याकडे पाहुण्याला चहा अर्धाच ओततात, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो. काठोकाठ म्हणजे प्या आणि चालू लागा. हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण तुरदालीचं डोकं टायरमध्ये.

मास्तर प्याल्याकडे बघतच राहिले. "निघा म्हणताय?"

"हो, निघूया की," म्हणत यानं गाडी सोडली.

दहा पावलांत सगळा चहा मास्तरांच्या पांढऱ्या सदऱ्यावर. तुरदाली आनंदानं म्हणाला, "मागचा उजवा."

"उतरा माझ्या गाडीतून," मास्तर म्हणाले. त्यांनी प्याला याच्या हातात कोंबला, स्टिअरिंग धरलं आणि निघाले.

नाफिसा दारात आली. "बाबा, काय केलंत हो?" ती रडायलाच लागली.

"अगं, तो टायर फुटेल वाटेत," हा म्हणाला. त्याच्या डोक्यात लाटणं घालावंसं वाटलं मला. त्याऐवजी मी किटली उचलली आणि त्याच्या प्याल्यात अर्धा चहा ओतला. "पळ आता, मेल्या."

थरथरीमुळे गाडी वीसच्या वर जाईना, बाजारात तर दहाच्याही नाही. साठीचा तुरदाली प्याला सांभाळत मागून धावला, पावलागणिक चहा सांडत. खरबुजांच्या गाड्यांपाशी त्यानं खिडकी गाठली.

"मास्तर, हा घ्या. आणि खाली उतरा, टायर आतून फुगलाय. रिश्तानपर्यंत टिकायचा नाही."

"मघाशी निघा, आता उतरा. एकदाचं काय ते ठरवा." पण बोलता बोलता त्यांची नजर प्याल्यात गेली आणि गाडी थांबली. तळाशी जेमतेम एक घोट उरला होता.

"एवढाच?"

तुरदालीला धाप लागली होती. त्यानं नुसता छातीवर हात ठेवला.

"पासष्ट वर्षांत इतका मान मला कुणी दिला नव्हता," मास्तर म्हणाले. तो घोट त्यांनी पुरवून पुरवून प्यायला आणि प्याला पुन्हा खिडकीबाहेर धरला.

तोवर किटली घेऊन मी पोचले होते. मी तळ ओला होण्यापुरता चहा ओतला.