नंदाचं नाव उतरलंच नाही

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — तुम्ही नंदाला ओळखत नाही म्हणून.

नंदा माझी धाकटी बहीण. दिग्रसला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. शेजारच्या गल्लीत एक काकू वधू-वर सूचक मंडळ चालवतात. लोक मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये नाव नोंदवायचे, माहिती जायची क्लाउडवर. पण आमच्याकडचं नेट — आलं तर आलं. म्हणून काकूंनी मला सांगितलं, रोजचा बॅकअप ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उतरू दे. तशी सोय मी करून दिली. सकाळी सगळं आपोआप त्यांच्या डेटाबेसमध्ये यायचं. काकू तेवढंच बघायच्या, आणि तिथूनच फोन लावायच्या. जे तिथे नाही, ते त्यांच्यासाठी नव्हतंच.

पहिली चाचणी घेताना यादीत नंदा दिसली. तिने मला न सांगता नाव नोंदवलं होतं. फोटो जांभळ्या साडीतला — माझ्याच लग्नातला.

तेव्हा आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली. तिला भरवणं, कूस बदलून देणं, सगळं नंदाकडे. मी? मी दुकानात. नंदा लग्न होऊन गेली तर आईचं कोण करणार? बायको करणार नव्हती. आणि मी — मी करणार होतो का?

चाचणीच्या खोट्या नोंदी खाली उतरू नयेत म्हणून त्या वगळायची एक सेटिंग असते. तिथे मी नंदाचा नोंदणी क्रमांक टाकला. थोडे दिवस, असं स्वतःला म्हटलं.

मग पुसदच्या एका शिक्षकाने तिची चौकशी केली. साधा, नीट लिहिलेला निरोप होता. मी तो क्लाउडवर वाचला. उत्तर काकूंनीच द्यायचं असा मंडळाचा नियम, आणि काकूंना तो दिसलाच नाही.

एकदा आईचं अंग पुसता पुसता नंदा म्हणाली, "दादा, कोनाचाच फोन काहून नाही आला? माह्यातच काही कमी असन."

"येईन ना," मी म्हटलं. "घाई कायले?"

पुढे आई गेली. तेव्हा तरी तो क्रमांक काढायचा होता ना? नाही काढला. इतकी जुनी नोंद अचानक उतरली असती, तर काकूंनी विचारलं असतं, ही आजवर कुठे होती? त्या एका प्रश्नाला भ्यालो. तेव्हा तर आईचं कारणही उरलं नव्हतं.

नंदा आमच्याकडेच राहते. माझ्या मुलींच्या वेण्या घालते. लोक म्हणतात, बहिणीला चांगलं सांभाळलंस. मी ऐकून घेतो.

या उन्हाळ्यात ती दुकानात आली. "त्या अ‍ॅपवरून माहं नाव काढून टाक, दादा. लोकायले वाटत असन, अजून वाट पाहून राह्यली."

मी तिच्यासमोरच काढलं. क्लाउडवरून, तिथल्या सगळ्या जुन्या प्रतींमधून. त्या शिक्षकाचा निरोपही गेला. वगळायच्या यादीतला क्रमांक मात्र तिची नजर रस्त्याकडे वळल्यावर पुसला.

"तुले उगाच तरास दिला मी," ती म्हणाली.

नाही गं, म्हणालो. एवढंच म्हणालो.