वाल्मिकदाजींचा न ऐकलेला अँप्लिफायर

वाल्मिकदाजी म्हणजे माझ्या सुषमाताईचे मिस्टर. सुरतेच्या लिंबायतमध्ये कापडाचे माग चालवायचे. सुरतेत रिक्षा चालवताना नाना तऱ्हेची माणसं बसवली, पण इतका हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही. एक बॅन्जो पार्टी मोडली तेव्हा तिची इलेक्ट्रिक गिटार दाजींनी घेतली. गिटार आली, पण आवाज मोठा करायला अँप्लिफायर नव्हता. दुसरा कोणी गप्प बसला असता. दाजींनी तो घरीच बनवायचा ठरवला, तोही व्हॉल्व्हचा, म्हणजे तापून पेटणाऱ्या काचेच्या नळ्यांचा, कारण रेडिओ दुरुस्त करणाऱ्या श्रीरंगकडे व्हॉल्व्हचे जुने रेडिओ धूळ खात पडले होते.

दाजींना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. श्रीरंगने जोडणीचं चित्र काढून दिलं आणि बजावलं, "व्हॉल्व्हमधली तार लाल झाली तर खुशाल बस. आतला पत्रा लाल झाला तर बंद कर आणि पळ." दाजींनी तेलाचा डबा कापून त्यावर व्हॉल्व्ह बसवले. बटण बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, हे सांगायचं श्रीरंग विसरला. ते दाजींना कपॅसिटरनेच सांगितलं. भिंतीवर आपटून खाली बसलेले दाजी कौतुकाने आपल्या अहिराणीत म्हणाले, "माल भारी शे!"

शेवटी एकदाचे व्हॉल्व्ह पेटले. तार लाल, पत्रा काळा, सगळं चित्राबरहुकूम. दाजींनी गिटारची तार छेडली आणि काहीच ऐकू आलं नाही. येणार कसं? घराच्या खालीच शेठचे माग, रात्रंदिवस खडखडणारे. नवरा-बायकोही हातवाऱ्यांनीच भांडायचे. सोमवारी माग बंद असायचे, पण ते लाइट नसल्यामुळे. दिवाळीला माग थांबायचे आणि लाइटही असायची, पण तेव्हा ताई सगळ्यांना गावी घेऊन जायची. लाइटशिवाय नुसती गिटार छेडली तर डास गुणगुणल्याएवढा आवाज, आणि माग चालवून चालवून बधिर झालेल्या कानांना डास काय ऐकू येणार? मी म्हणालो, रिक्षात घालून सुरतेबाहेर पलसाण्याला नेऊ. तर दाजी म्हणे, खड्ड्यात व्हॉल्व्ह फुटले म्हणजे?

मग दाजींनी अँप्लिफायरला जोडलेल्या स्पीकरच्या पडद्यावर हात ठेवून बघितलं. पडदा थरथरत होता. गल्लीतली माणसंही येऊन हात ठेवू लागली. शेजारचा उखा डोळे मिटून हात ठेवायचा आणि मान डोलवायचा. एकाने तर खुणेने सांगितलं की कालचं गाणं जास्त चांगलं होतं. दाजी लाजायचे! मला या सगळ्या येडेपणाचा संताप यायचा. पण दाजींचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. आपण बनवलेली वस्तू खरंच वाजते का, हे त्यांना एकदा, फक्त एकदा, कानांनी ऐकायचं होतं.

चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला. तोंडाला रुमाल बांधून माणसं मिळेल त्या गाडीने पळू लागली. शेठ सर्वांत आधी गेले. मी ताईला आणि दाजींना उधना स्टेशनला न्यायला रिक्षा घेऊन आलो, तर गल्ली रिकामी. माग बंद. दारात ताई बोचकं घेऊन रडत उभी, आणि आत दाजी मांडी घालून व्हॉल्व्ह तापायची वाट बघताहेत.

"दाजी, चला! गाडी चुकी जाई!"

"लाइट शे," दाजी छताकडे बोट दाखवून म्हणाले. "आनि माग बंद शेतस. एक डाव ऐकी लेऊ दे."

"प्लेग शे, प्लेग!"

"त्याले काय, तो उद्याबी राही."

इतका राग आला की वायर उपटून टाकावीशी वाटली. पण कपॅसिटर आठवला. एवढ्यात दाजींनी तार छेडली.

आवाज आला. खणखणीत, भिंती हादरवणारा. दाजींचे डोळे भरून आले. मग ते त्यांचं आवडतं गाणं वाजवू लागले, आणि रेड्याच्या शेपटीवर पाय पडावा तसं काहीतरी गल्लीभर घुमलं. एकही तार सुरात लावलेली नव्हती. बोटं भलतीकडेच पडत होती. इतकी वर्षं या माणसाने स्वतःला ऐकलंच नव्हतं.

ताईने तोंडावरचा रुमाल खाली ओढला. "अहो, तुमले वाजाडताच येत नही!"

दाजी थांबले. मी मनात म्हटलं, संपला बिचारा. आणि दाजींचा चेहरा उजळला.

"समजनं ना तुले? दारमा उभं राहीसन समजनं? म्हंजे मशीन एकदम बराबर शे!"

ताई हसायला लागली. दोन दिवस रडून सुजलेल्या डोळ्यांनी ती इतकी हसली की दाराला धरून खालीच बसली. मीही हसलो. मरणाच्या भीतीने ओस पडलेल्या त्या गल्लीत आम्ही तिघं ठसकेपर्यंत हसलो, आणि दाजी आमच्या हसण्यातच बेसूर वाजवत राहिले. ताईच म्हणाली, "आखो एकदा." त्यांनी पुन्हा वाजवलं. ते आणखी वाईट होतं.

गाडी अर्थातच चुकली. दाजींनी बटण बंद केलं, तोंडाला नीट रुमाल बांधला, ताईचं बोचकं स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि म्हणाले, "चाला. आते कोठेबी चाला."