ओव्हरमनची भीती

ओव्हरमन कोणत्याही छताखाली बसण्यापूर्वी ते ठोकून पाहत असत. कॅनडात, आमच्या रिचमंड हिलच्या घरी ते मराठी मंडळाचे पाहुणे म्हणून प्रथम आले, तेव्हा बेसमेंटच्या जिन्यातच थांबले, हात वर करून छताला बोटांच्या पेरांनी तीन ठोके दिले, मान तिरकी करून ऐकले आणि माझ्या पत्नीला, सुमतीला म्हणाले, "या वहिनी, पक्कं आहे." ते घर मी स्वतः, एका स्थापत्य अभियंत्याने, पारखून घेतले होते. मला त्यांचा राग आला होता, हे नमूद करतो.

ओव्हरमन हे त्यांचे खाणीतले पद. चंद्रपूरकडच्या कोळशाच्या खाणीत पाळी सुरू होण्यापूर्वी छत ठोकून ऐकणे हे त्यांचे काम होते. खणखणीत वाजले तर माणसे आत. दबका, पोकळ आवाज आला तर सगळी बाहेर. कॅनडाच्या पश्चिम डोंगरांतल्या एका खाणगावात येऊन त्यांनी पुढे अनेक वर्षे हेच केले. मग खाण बंद पडली, गावाचे स्की रिसॉर्ट झाले आणि खाणकामगारांच्या न्हाणीघरात कॉफीचे दुकान निघाले. सोबतीचे लोक गाव सोडून गेले. ओव्हरमन राहिले आणि पाहुण्यांना बर्फातून पायी फिरवून आणू लागले.

बर्फाला ठोका देता येत नाही. ते काठी रोवून हलकेच दाबत, मध्येच गुडघ्यावर बसून कान लावत. स्कीवरून सुसाट जाणारी पोरे हसत. "हसू द्या ना," ओव्हरमन म्हणत, "मी भेतो, म्हणून तर जिता आहो."

निघण्यापूर्वी ते प्रत्येकाला विचारत, "भेव लागते का?" मंडळाची हिवाळी सहल त्यांच्या गावी जाऊ लागली, त्या पहिल्या वर्षी मी ताठ मानेने "मुळीच नाही" म्हणालो. "मग तुमी कॉफी प्या साहेब. नाही म्हणते त्याले मी नेत नाही." मी दिवसभर त्या न्हाणीघरात बसलो. दुसऱ्या वर्षी मी "लागते" म्हणालो. ते खोटे होते.

आता त्या दुसऱ्या वर्षाच्या दुपारविषयी. आमच्या मंडळात ती हकिकत हसत हसत सांगितली जाते. सचिवांची आवृत्ती सर्वांत लोकप्रिय आहे: "अहो, त्यांना पॅनिक अटॅक आला, दुसरं काय! एवढीशी उतरण, ती ओलांडेनात. दोन तास आम्हाला थंडीत उभं केलं. बर्फ घसरला का? एक खडासुद्धा नाही!" सचिव त्या वेळी चाळीस पावले मागे, झाडांच्या आडोशाला थर्मास उघडून उभे होते. त्यांनी काहीही पाहिलेले नाही.

मी पाहिले आहे. ओव्हरमन मागे कोणाच्या तरी बुटाचा पट्टा आवळत असताना सुमती, फोटो काढण्याच्या नादात, एकटीच ती उतरण ओलांडून पलीकडच्या झाडांत पोचली. ओव्हरमन धावत पुढे आले. त्यांनी काठी दाबली, वाकून ऐकले, आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी दोन्ही हात वर करून सुमतीला तिथेच थांबायची खूण केली.

"दुसऱ्या वाटेनं आणतो वहिनीले," ते म्हणाले. "इथून कोणी जायचं नाही. खालून बर्फ पोकळ आहे."

"ती आत्ताच गेली ना इथून? मला भार आणि आधार यांचं गणित तुम्ही शिकवू नका," मी म्हणालो, आणि उतरणीवर पाऊल टाकले.

दुसऱ्या पावलाला डोंगर माझ्याखाली बसला. यापेक्षा अचूक शब्द माझ्यापाशी नाही. पोटात कोणी धप्पकन बुक्की मारावी तसा आवाज आला आणि माझ्या पायापासून एक बारीक भेग, पेन्सिलीने ओढावी तशी, सुमतीच्या दिशेने पळत गेली. मधेच थांबली. मी सुमतीकडेच पाहत राहिलो.

पाठीमागून अगदी हळू आवाज आला. "साहेब, वहिनीकडे पाहू नका. आपल्याच पावलात मागं या. एक पाय. हां. आता दुसरा."

मला बाहेर काढून ते खडकाच्या वरच्या धारेने लांबचा वळसा घेऊन गेले आणि तसेच सुमतीला घेऊन आले. सुमती आजही सांगते की त्यांनी तिचा हात एकदाही सोडला नाही, आणि तो हात सारखा थरथरत होता. तिला वाटते, म्हातारपणाने. ती भेग तिला झाडांतून दिसली नव्हती, आणि मीही कधी सांगितली नाही.

गावात परतल्यावर सचिवांनी सर्वांदेखत विचारले, "काय ओव्हरमन, पॅनिक झालात का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "झालो बाप्पा," ते म्हणाले. "म्हातारा झालो आता."

मी कॉफीत साखर ढवळत राहिलो. पुढच्या हिवाळ्यासाठी मंडळाने एक तरुण गाईड ठरवला. त्या बैठकीत हात वर करणाऱ्यांत माझाही हात होता.

यंदा ओव्हरमन गेले. एटोबिकोच्या हॉलमधल्या मंडळाच्या शोकसभेत सचिवांनी तीच गोष्ट सांगितली, प्रेमाने सांगितली, आणि सभा हसली. सुमतीही हसली. मी बोलण्यासाठी उठलो. आयुष्यात मी कोणत्याही सभेत माघार घेतलेली नाही. त्या दिवशी मात्र "माणूस चांगला होता" एवढेच बोलून मी खाली बसलो.

म्हणून हे लिहून देत आहे. ज्यांना वाद घालायचा आहे त्यांनी खुशाल घालावा. तिथे मी होतो, ते नव्हते. परंतु मंडळाच्या अंकात छापून येण्यापूर्वी हे सुमतीला वाचून दाखवायला हवे. ती आत भाजी चिरत आहे. मी कागद घेऊन दोनदा दारापर्यंत गेलो आणि दोन्ही वेळा परत आलो.